पिकअपच्या पुढच्या पाट्यांचे बुश : कामाच्या नोंदी

गाडी दीड टनी पिकअप, २०१७ ची. घेतली तेव्हाच जुनी होती. समोर सरळ अ‍ॅक्सल आणि दोन्हीकडे पाटे (एकावर एक पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण समोर पाटे असलेल्या कुठल्याही पिकअपची गत थोड्याफार फरकाने हीच. काम पुढच्या सहा बुशचं (बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्या आणि मध्ये रबर). एका बाजूला तीन : पाट्याच्या पुढच्या डोळ्यात (टोकाच्या गुंडाळलेल्या भोकात) एक, मागच्या डोळ्यात एक आणि शॅकल (पाट्याचं मागचं टोक धरणारा झुलता दुवा) जिथे चेसीला लटकतं तिथे एक.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार. मीटर १,८६,४१०

आवाज ऑगस्टपासून आहे. टोमॅटोचे कॅरेट घेऊन पिंपळगाव बसवंतला जाताना गतिरोधक आला की डावीकडून ‘खट्’. एकच. पुढच्या गतिरोधकापर्यंत गाडी शहाण्यासारखी गप्प. नंतर ब्रेक दाबला की स्टेअरिंग डावीकडे ओढायला लागलं. हायवेवर सरळ चालताना सारखं हातात धरून राहावं लागतं, जरा सैल सोडलं की गाडी आपल्या मनाने निघते.

आजवर यावर काय काय झालं : पुढचे दोन्ही शॉकअप नवे, टाय रॉडचे एन्ड नवे, अलाइनमेंट दोनदा. साडेसात हजार गेले आणि आवाज जिथल्या तिथे. प्रत्येक वेळी दोन दिवस वाटलं की गेला. दोन दिवस असं वाटतंच, पैसे दिलेले असतात ना.

आज बाळ्याला (धाकटा भाऊ) आत बसवलं. मागच्या चाकांना लाकडी गुटके लावले, पण पुढेमागे चार बोटं फट ठेवून. त्याला सांगितलं, ब्रेक दाबून धर आणि क्लच हळू सोडत पहिला गिअर, मग रिव्हर्स, असं आलटून पालटून कर. मी गाडीखाली नाही, बाजूला दोन हातांवर पोटावर पडून बॅटरी मारत होतो. उजवीकडे पाटा जेमतेम हलला. डावीकडे अख्खा अ‍ॅक्सल करंगळीएवढा पुढे गेला, परत मागे आला, आणि प्रत्येक वेळी ‘खट्’. सापडला.

नंतर टॉमी (लोखंडी पहार) घालून बघितलं. डाव्या पुढच्या डोळ्यात बुशची आतली नळी मधोमध असायला हवी. ती वरच्या कडेला टेकलेली होती आणि खाली रबराऐवजी काळा चुरा.

टेप घेऊन पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजलं. डावीकडचं अंतर ८ मिमी कमी. म्हणजे डावं चाक मागे सरकलेलं, अ‍ॅक्सल तिरका. अलाइनमेंटवाल्याने मशीनवर टो (पुढच्या चाकांची तोंडं आत-बाहेर किती ते) सेट करून दिला तो या तिरक्या अ‍ॅक्सलवरच. त्याचं चुकलं म्हणता येत नाही. मी अलाइनमेंट करून द्या म्हटलं, त्याने करून दिली.

२० नोव्हेंबर, बुधवार

आज विधानसभेचं मतदान. दुकानं बंद, बाजार बंद, गाडी उभी. सकाळी मतदान करून आलो आणि सगळ्या बोल्टांवर गंज सोडवायचा स्प्रे मारला. दुपारी परत, रात्री परत. बोटाला शाई आणि बाकी हाताला गंज.

सात-आठ वर्षं चिखल, पाणी आणि कांद्याची माती खाल्लेले बोल्ट आहेत. काम रविवारी करायचं असेल तर तेल बुधवारीच घालायला हवं, हे एवढं तरी मला आता कळतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

काल निकाल लागला. वाड्यासमोर अजून गुलाल पडलेला आहे, त्यावर ताडपत्री टाकून झोपलो तरी संध्याकाळी पाठ गुलाबी.

डावी बाजू आधी. चेसीखाली जॅक, मग घोडी (लोखंडी स्टँड). अ‍ॅक्सलखाली दुसरा जॅक. चाक काढून चेसीखालीच आडवं सरकवून ठेवलं. घोडी दगा देईल तर गाडी चाकावर बसेल, माझ्यावर नाही. ब्रेकचा होजपाईप ताणला जातोय का ते दर खेपेला बघत होतो. यू-बोल्टला (पाटा खाली अ‍ॅक्सलला बांधतात ते) हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. पाटा अ‍ॅक्सलवर राहू द्यायचा, एका वेळी एकच टोक सोडायचं.

मागचे दोन्ही शॅकल बोल्ट तासाभरात निघाले. स्प्रेची कृपा.

पुढच्या हँगरच्या (चेसीवर पाट्याचं पुढचं टोक जिथे बसतं त्याच्या) बोल्टने पाच तास घेतले. नट निघाला. बोल्टला पाना लावून जोर दिला तर बोल्ट पाव फेरा फिरला. खूश झालो. पाना सोडला आणि बोल्ट आपणहून मागे फिरून होता तिथे आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग लक्षात आलं : बोल्ट आणि बुशची आतली नळी गंजून एकजीव झाली आहे. मी बोल्ट फिरवत नव्हतो, उरलेल्या रबराला पीळ देत होतो, आणि रबर तो पीळ परत करत होतं. घणाचे घावही तसेच, रबरावर मारल्यासारखे उसळून यायचे.

चौकातल्या गॅरेजचे चाचा चहाला म्हणून आले. वाकून बघितलं आणि म्हणाले, “गॅस लाव, दोन मिनिटात सुटंल.” मी नाही म्हटलं. वीतभर अंतरावर ब्रेकचा होज, खाली डिझेल प्यायलेली माती, आणि रबर पेटलं की तो धूर छातीत तासभर राहतो. चाचा हसले. “मग काप, बस घासत.”

बसलो घासत. ग्राइंडरला १ मिमीचं पातळ चाक लावलं, हँगरची पट्टी आणि डोळा यांच्या फटीत घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापला. फट इतकी अरुंद की चाक जरा वाकडं झालं की हँगरला लागणार. दोन चाकं फुटली. चष्मा होता म्हणून लिहितोय.

पाटा खाली सुटला. आता डोळ्यातला जुना बुश. आधी रबरात ड्रिलने गोल भोकं पाडत गेलो, आतली नळी टॉमीने ढकलून काढली. राहिली बाहेरची लोखंडी नळी, डोळ्याला चिकटलेली. हॅक्सॉचं पातं डोळ्यातून घालून फ्रेमला उलटं बसवलं आणि नळीला आतून लांबीभर चीर द्यायला सुरुवात केली. इथे घाई करायची नाही. चीर नळीतून पलीकडे जाऊन पाट्याला खाच पडली तर ती खाच पुढे तडा होते, आणि मेन पाट्याचा डोळा तुटणं म्हणजे घाटात अ‍ॅक्सल निसटणं. सुदैवाने पातं स्वतःच सांगतं. नळी मऊ लोखंडाची, कापताना खरखर आवाज येतो आणि भुसा पडतो. पाट्याचं पोलाद कडक; तिथे पोचलं की पातं घसरतं आणि आवाज एकदम बारीक होतो, काचेवर घासल्यासारखा. तो आवाज आला की थांबायचं. मग छिन्नीने नळीची कड आत वळवली, दोन ठोके, आणि ती गुंडाळी होऊन हातात आली.

रात्री साडेआठ. एका बाजूचे तीन बुश बाहेर. बसवलेला एकही नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

बुश आणायला गेलो. दुकानदाराने तीन प्रकार काउंटरवर ठेवले. पहिला साधा रबरी, आत-बाहेर नळी असलेला. दुसरा तसाच पण निम्म्या किमतीचा. तिसरा लाल, पॉलियुरेथेनचा, “कधीच खराब होत नाही” असा.

लाल घेतला नाही. तो कडक असतो, आत ग्रीस लागतं, ग्रीस वाळलं की किंचाळतो, आणि मुख्य म्हणजे रस्त्याचा प्रत्येक दणका तसाच चेसीत जातो. रेसच्या गाडीला ठीक. आमच्या शिवाररस्त्यावर ड्रायव्हरचे दात हलतील.

निम्म्या किमतीवाला खिशातल्या व्हर्निअरने मोजला. सहापैकी दोन बुशची बाहेरची नळी बाकीच्यांपेक्षा जवळपास अर्धा मिमी बारीक. डोळ्यात हाताने जाणारा बुश काय कामाचा? तो डोळ्याच्या भोकापेक्षा किंचित मोठा असायला हवा, दाबूनच बसायला हवा. नाहीतर नळी डोळ्यात फिरत राहते आणि वर्षभरात डोळाच खाते. दुकानदार म्हणाला, “दादा, एवढं कोणी मोजत नाही.” खरं असेल. महागातले सहा घेतले.

बोल्ट घेताना डोक्यावरचा ताकदीचा आकडा बघितला. जुन्यावर १०.९ होता. पहिल्यांदा दिले त्यांच्यावर काहीच नव्हतं, कोरी डोकी. परत केले. १०.९ चेच घेतले, नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले). हे नट एकदा काढले की पुन्हा वापरायचे नाहीत.

१ डिसेंबर, रविवार

बुश बसवायला हायड्रॉलिक प्रेस लागतो आणि पाटा तर गाडीवरच. म्हणून घरचा जुगाड : १६ मिमीचा आटे पाडलेला रॉड, दोन जाड वायसर, दोन नट, एका बाजूला बुशच्या मापाची मोठी गोटी (पान्याचं सॉकेट) आणि दुसऱ्या बाजूला पाइपचा तुकडा, ज्यात बुश मावतो पण डोळा अडतो. नट आवळत गेलं की बुश सरळ आत ओढला जातो. घणाने ठोकून बसवलेल्या बुशची कड दुमडते. हे चाचा मान्य करत नाहीत. त्यांचे आजवरचे सगळे बुश घणाने बसलेत.

डोळा आतून पॉलिश पेपरने साफ केला. बुशला भांड्याच्या साबणाचं पाणी लावलं. ग्रीस किंवा ऑइल रबराला लावायचं नाही, रबर फुगतं आणि मऊ पडून सोलतं. शिवाय साबणाचं पाणी वाळून जातं, तेल तिथेच राहतं.

पहिला बुश तिरका शिरला. काढून पुन्हा. दुसऱ्यांदा नट आवळताना रॉड कुरकुरत होता आणि बुश दर फेऱ्याला केसभर सरकत होता, शेवटी डोळ्याच्या कडेशी नळी एकसारखी झाली तेव्हा एक बारीक ‘टक्’ आला. हा आवाज मात्र ऑगस्टपासूनच्या आवाजापेक्षा फार गोड.

तिन्ही बसले. पाटा हँगरला लावताना भोकं जुळेनात. अ‍ॅक्सलखालचा जॅक वर-खाली करून आणि बाळ्याने चाकाच्या ड्रमवर पाय देऊन जुळवली. सात वाजून गेले होते, अंधार, थंडी. सगळे बोल्ट पक्के आवळले, चाक लावलं, गाडी खाली सोडली. गावाबाहेर एक चक्कर. आवाज नाही.

८ डिसेंबर, रविवार

काल चंपाषष्ठी होती, ओझरला खंडेरावाची यात्रा, त्यामुळे बाळ्या आज झोपाळलेला. उजवी बाजू एकट्यानेच सुरू केली.

उजवीकडे बोल्ट सगळे सरळ निघाले आणि मला वाटलं दुपारी जेवायला घरी. पण पुढच्या डोळ्यातला जुना बुश कापायची गरजच पडली नाही, बोटाने ढकलला तर बाहेर आला. मग डोळा नीट बघितला. पाट्याचं गुंडाळलेलं टोक उघडलं होतं, गुंडाळीच्या शेवटाशी नखाएवढी फट. यात नवा बुश बसवून उपयोग शून्य.

म्हणजे पाटा उतरवणं आलं. यू-बोल्ट कापले (काढले तरी परत वापरायचे नव्हतेच, एकदा ताण खाल्लेला यू-बोल्ट पुन्हा तेवढा ताण धरत नाही). पाटे घेऊन पाटेवाल्याकडे गेलो. त्याने मेन पाटा उचलून उजेडात धरला, डोळ्यावर छोट्या हातोडीने टकटक केली आणि म्हणाला, “हा गरम करून वळवला तर आज चालंल, उद्या मोडंल. नवा मेन पाटा टाका.” पैसे त्याचे वाढले, पण बोलला ते खरं होतं. घरच्या भट्टीत गरम केलेल्या पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरतं. पुन्हा तसंच पाणी देणं हे रस्त्याच्या कडेचं काम नाही. नवा पाटा, नवा सेंटर बोल्ट (सगळ्या पट्ट्या मधोमध एकत्र धरतो तो). बुश त्याच्या प्रेसवर दीड मिनिटात बसला. माझा रॉडचा जुगाड आठवून जरा वाईट वाटलं.

संध्याकाळी पाटा चढवताना चाचा आले. सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या भोकात बसलं का ते त्यांनी बोट घालून तपासलं. यू-बोल्टचे चार नट समोरासमोर, थोडे थोडे आवळायला लावले. आणि हँगरच्या बोल्टला मी पाना लावला तर हात धरला.

“आता नाय. आधी गाडी खाली सोड. चाकावर उभी कर, दोनदा दाब, मग आवळ.”

कारण सांगितलं त्यांनी त्यांच्या भाषेत, पण गोष्ट अशी : हा बुश फिरत नाही. आतली नळी बोल्टने हँगरमध्ये घट्ट धरलेली, बाहेरची नळी डोळ्यात घट्ट. पाटा वर-खाली झाला की मधलं रबर पीळ खातं आणि सोडतं, बस एवढंच त्याचं काम. चाक लटकत असताना बोल्ट आवळला तर रबराची ‘आरामात’ असण्याची जागा ती लटकती ठरते. मग गाडी जमिनीवर नुसती उभी असली तरी रबर पीळ खाऊन उभं. वर खड्डा आला की आणखी पीळ.

“डावीकडं पण असंच केलं ना?”

“हो,” मी म्हटलं.

का म्हटलं ते माहीत नाही. अंधार होता, भूक लागली होती.

२२ डिसेंबर, रविवार. मीटर १,८७,२९०

निफाडची थंडी सुरू झाली आहे. पहाटे गाडीच्या काचेवरचं दव पुसून काढावं लागतं. सकाळी पहिल्या पाच किलोमीटरपर्यंत डावीकडून कुईंऽ कुईंऽ. ऊन वर आलं की कमी. थंडीत रबर ताठ होतं म्हणून असेल, असं स्वतःला सांगितलं. उजवीकडेही तेच रबर आहे आणि उजवी बाजू गप्प आहे, हे स्वतःला सांगितलं नाही.

लाल कांद्याच्या फेऱ्या लासलगावला रोज चालू आहेत. गाडी उभी करता येत नाही.

२९ डिसेंबर, रविवार

बघितलं. डाव्या शॅकलचा वरचा बुश. रबर आणि आतल्या नळीचा सांधा अर्ध्या गोलात सुटलेला, फटीत पातळ पट्टी जाते. बसवून जेमतेम चार आठवडे झाले. खालचा आणि पुढचा बुश दिसायला ठीक. शॅकलचाच आधी गेला हे बरोबरच आहे. पाटा सरळ होताना लांबतो, शॅकल झोका घेतं आणि सर्वात जास्त पीळ तिथेच बसतो.

दुकानदाराला दोष देता येत नाही. चाचांना तर नाहीच. आधी त्यांना जाऊन सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चहा मागवला. तो मुकाट पिणं म्हणजेच शिक्षा होती.

५ जानेवारी २०२५, रविवार

डावी बाजू पुन्हा. या वेळी नवे बोल्ट, त्यामुळे दोन तासांत सगळं सुटलं. तिन्ही बुश बदलले. दोन अजून चालले असते, पण लटकत्या गाडीत आवळलेल्या रबराने महिनाभर काय सोसलं ते बाहेरून दिसत नाही.

बोल्ट घालताना नवा गंज होऊ नये म्हणून फक्त बोल्टच्या दांड्याला पातळ ग्रीस लावलं, आट्यांना आणि रबराला नाही. नट हाताने टेकवून ठेवले. चाक लावलं, गाडी खाली घेतली, गुटके काढले, पुढेमागे ढकलली, बाळ्या बंपरवर उभा राहून तीनदा दाबला. मग गाडीखाली जाऊन टॉर्क रेंचने आवळले. जमीन आणि चेसी यांच्या मध्ये लांब रेंच फिरवायला जागा नसते, दर खेपेला दोन दातांएवढा झटका. तीन बोल्टना पाऊण तास. पहिल्यांदा अंधारात हे का टाळलं ते आठवलं.

शेवटी घरातून नेलपॉलिश मागून आणलं. प्रत्येक नटवर आणि शेजारच्या पट्टीवर मिळून एक आडवी लाल रेघ. नट हलला तर रेघ तुटेल. बायकोने विचारलं कशाला, मी सांगितलं, तिने बाटली परत मागितली नाही.

टेप लावला : दोन्ही बाजूंच्या अंतरात फरक १ मिमी. टेपचीच चूक तेवढी असते.

७ जानेवारी, मंगळवार

अलाइनमेंट, तिसऱ्यांदा. टो बराच बाहेर होता. तिरक्या अ‍ॅक्सलवर जुळवलेला, अ‍ॅक्सल सरळ झाल्यावर पुन्हा बघावा लागणारच. डाव्या टायरची आतली कड आधीच घासून गुळगुळीत झाली आहे, ती काही परत येत नाही. टायर मागे टाकले.

१९ जानेवारी, रविवार. मीटर १,८८,०४०

२२ डिसेंबरपासून साडेसातशे किलोमीटर झाले. यू-बोल्ट तपासायला एवढा वेळ लावायचा नव्हता, पण संक्रांत आडवी आली. उजव्या यू-बोल्टचे दोन नट पाव फेरा बसले. नवे पाटे आणि नवे यू-बोल्ट एकमेकांत जिरतात, तेवढं होतंच.

चांदवडजवळच्या राहूड घाटात जोरात ब्रेक लावून बघितला. स्टेअरिंग हातात, गाडी सरळ.

हिशोब लिहून ठेवतो : बुश नऊ (सहा लागायचे होते), बोल्ट-नट दोनदा, मेन पाटा एक, यू-बोल्ट दोन, सेंटर बोल्ट, ग्राइंडरची चाकं चार, अलाइनमेंट. सगळे मिळून ६,९४०. ऑगस्टपासून आवाजावर उधळलेल्या साडेसात हजारांपेक्षा कमीच.

२ फेब्रुवारी, रविवार. मीटर १,८८,९१०

द्राक्षांच्या पेट्या घेऊन वाशीला पहिली फेरी. कसारा घाट उतरताना आणि येताना रिकामी चढताना दोन्ही वेळा काच खाली करून ऐकत होतो. इंजिन, वारा, मागच्या फळीची खडखड. पुढून काही नाही.

घरी आल्यावर गाडीखाली बॅटरी मारली. लाल रेघा सगळ्या अखंड, फक्त उजव्या शॅकलच्या खालच्या नटची केसभर सरकलेली. गाडी जमिनीवरच होती. पाव फेरा आवळला, जुनी रेघ खरवडली आणि नवी ओढली. बाटलीत आता तळाशी थोडंच उरलंय.